अंगठ्याला दोष देऊ नका, मेसेज लिहिणाऱ्याला जाब विचारा

"मावशी, तुमचा अंगठा येईना. उद्या या."

हे वाक्य आपल्या तालुक्यात रोज किती वेळा बोललं जातं, याची नोंद कुठल्याच कार्यालयात नाही. अनुदान किती वाटलं याचा आकडा मिळतो. केवायसी किती झाली, किती राहिली, हेही कळतं. पण किती माणसं केंद्रावर येऊन हात हलवत परत गेली आणि का गेली, हे कुणीच मोजत नाही.

हाणेगाव असो, मरखेल असो, करडखेड असो की शहापूर. माणूस जीपचं भाडं देतो, एका दिवसाची मजुरी बुडवतो आणि देगलूरला येऊन रांगेत बसतो. नंबर लागला की मशीनच्या काचेवर अंगठा ठेवतो. स्क्रीनवर लाल अक्षरात इंग्रजीत काहीतरी येतं. केंद्रावरचा पोरगा त्याचा अर्थ लावतो: अंगठा येईना. दुसऱ्या दिवशी तोच पोरगा त्याच लाल अक्षरांचा दुसरा अर्थ लावतो: सर्व्हर डाऊन आहे.

पोस्ट लांब आहे आणि विषय कॉम्प्युटरचा आहे, म्हणून सोडून देऊ नका. प्रश्न पैशाचा आहे. अतिवृष्टीचं अनुदान, पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये, लाडक्या बहिणीचे महिन्याचे १,५०० रुपये, म्हाताऱ्यांचा हयातीचा दाखला. यातली बरीचशी कामं शेवटी एका काचेवर आणि एका लाल ओळीवर येऊन अडतात. ती लाल ओळ कुणी लिहिली, हा माझा प्रश्न आहे.

आधी एक मान्य करतो. अंगठा खरंच न जुळणं हा प्रकार आहे. आयुष्यभर खुरपं धरलेल्या, कापूस वेचलेल्या, विटा उचललेल्या हातांच्या रेषा झिजतात. सर्व्हरही कधी कधी खरंच बंद असतो. पण दर वेळी हेच कारण असतं का? नाही. एक कारण असं आहे की ज्यात मावशीच्या अंगठ्याचा काडीचाही संबंध नसतो. ते म्हणजे त्या कॉम्प्युटरवर बसवलेल्या दोन सॉफ्टवेअरचं आपसातलं भांडण.

हे भांडण कसं होतं, ते साध्या भाषेत सांगतो.

अंगठ्याची मशीन नुसती वायर लावून चालत नाही. तिच्या कंपनीचं एक छोटं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर बसवावं लागतं. त्याला आरडी सर्व्हिस म्हणतात. वेबसाइटला अंगठा हवा असला की ती या सर्व्हिसला हाक मारते. आधार प्राधिकरणाच्या नियमात या सर्व्हिसनं कुठं बसायचं तेही ठरलेलं आहे: पोर्ट क्रमांक १११०० पासून १११२० पर्यंत. म्हणजे एक गल्ली समजा, तिच्यात २१ दारं. वेबसाइट एकेक दार वाजवत जाते आणि विचारते, अंगठ्याची मशीन कुणाकडे आहे?

आता मधल्या काळात काय झालं? जुन्या 'एल-झिरो' मशिनी बाद ठरल्या आणि जास्त सुरक्षित अशा 'एल-वन' मशिनी घ्याव्या लागल्या. केंद्रचालकानं खिशातून पैसे घालून नवी मशीन आणली, तिचं सॉफ्टवेअर बसवलं. जुनी मशीन काढून कपाटात ठेवली. पण जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर तसंच राहिलं. सकाळी कॉम्प्युटर चालू झाला की तेही उठतं आणि गल्लीतलं एक दार धरून बसतं.

वेबसाइट येते, पहिलं दार वाजवते. आतून जुनं सॉफ्टवेअर म्हणतं, "मी आहे." जी वेबसाइट पहिल्या उत्तरावरच थांबते, ती तिथंच फसते. कारण "मी आहे" म्हणणाऱ्याच्या हातात मशीनच नाही, ती कपाटात आहे! पुढच्या दाराशी नवी मशीन हिरवा दिवा लावून तयार बसली आहे, पण तिला कुणी विचारतच नाही. स्क्रीनवर येतं: एरर ७२०. किंवा नुसतंच, काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा.

पुन्हा प्रयत्न करा! काय करू पुन्हा? अंगठा पुसू? साबणानं धुऊ? तेल लावू? लोक हे सगळं करतात. मशीनपर्यंत अंगठा पोहोचलेलाच नसतो, तरी म्हातारी माणसं अंगठा धोतराला घासत बसतात.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. खरं काय झालं, हे यंत्रणेला कळू शकतं. आरडी सर्व्हिसला हाक मारली की ती आपली अवस्था सांगते: तयार आहे, वापरात आहे, की तयार नाही. सोबत आपण कोणत्या कंपनीचे, तेही सांगते. ही माहिती माणसाला दाखवण्यासाठी आहे, असं नियमाच्या कागदातच लिहिलेलं आहे. चुकीचे आकडेही वेगवेगळे दिले आहेत. ७०० म्हणजे ठरलेल्या वेळेत अंगठा ठेवला गेला नाही. ७१० म्हणजे मशीन दुसरंच सॉफ्टवेअर वापरत आहे. ७२० म्हणजे मशीन तयार नाही. आणि आधारच्या मुख्य यंत्रणेकडून ३०० आलं, तरच अंगठा जुळला नाही असा अर्थ होतो. ८११ आलं तर त्या आधार क्रमांकामागे बोटांच्या ठशांची नोंदच सापडली नाही.

पाच आकडे, पाच वेगळी कारणं, पाच वेगळे उपाय. आणि आपल्याला मिळतं एकच उत्तर: अंगठा येईना, उद्या या.

याचा तोटा बघा. ३०० असेल तर दुसरं बोट लावून बघायचं, ओटीपीची किंवा चेहऱ्याची सोय असेल तर ती वापरायची. ८११ असेल तर आधार केंद्रावर जाऊन ठसे अपडेट करायचे. ७२० असेल तर माणसानं काहीच करायचं नाही, केंद्रावरचा कॉम्प्युटर नीट करायचा. पण मेसेज नीट नसल्यामुळे ७२० वाल्या माणसालाही सांगितलं जातं, आधार अपडेट करून या. तो बिचारा तिकडे जातो, फी भरतो, काही दिवस थांबतो आणि परत त्याच केंद्रावर, त्याच कॉम्प्युटरसमोर येऊन बसतो. भांडण मिटलेलं नसतंच. पुन्हा लाल ओळ.

चुकीची पाटी लावलेला रस्ता माणसाला कुठं नेऊन सोडतो ते आपल्याला ठाऊक आहे. इथं तर पाटी सरकारी कामाची आहे.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात: बातमीत कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं आलं पाहिजे. मी देगलूरहून नुसतं "अपघात झाला, पुन्हा प्रयत्न करा" असं लिहून पाठवलं तर डेस्कवरचा माणूस फोनवर माझी पूजा घालेल. गावातल्या चार कॉलमच्या बातमीला जो नियम आहे, तो लाखो लोकांचं अनुदान अडवणाऱ्या एका ओळीला नको?

काही जण म्हणतील, पत्रकारसाहेब, सॉफ्टवेअर असंच असतं, तुम्हाला त्यातलं काय कळतं? बरं, सॉफ्टवेअरवाल्यांचीच उदाहरणं घ्या.

एक वाईट. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात प्रोग्राम बिघडला की स्क्रीनवर यायचं, या प्रोग्रामनं 'बेकायदेशीर कृती' केली आहे, तो बंद केला जाईल. चूक प्रोग्रामची, पण 'बेकायदेशीर' हा शब्द वाचून घाम फुटायचा समोर बसलेल्या माणसाला.

एक चांगलं. लिनक्समध्ये डेबियन नावाचा प्रकार आहे. तिथं नवं सॉफ्टवेअर बसवताना त्याची फाइल जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलवर चढत असेल, तर यंत्रणा थांबते आणि स्पष्ट सांगते: अमुक फाइल बदलायचा प्रयत्न होतोय, पण ती तमुक सॉफ्टवेअरची आहे. फाइलचं नाव, भांडणातल्या दुसऱ्या बाजूचं नाव, दोन्ही. वाचणाऱ्याला कळतं की कुणाला हात लावायचा.

आणखी एक. पायथन भाषेत सॉफ्टवेअरचे सुटे भाग बसवणारं 'पिप' नावाचं साधन आहे. २०२० साली त्याची भांडणं सोडवायची पद्धत नव्यानं लिहिली गेली. तेव्हा वापरणाऱ्या लोकांना विचारून बघितलं गेलं की तुम्हाला हे मेसेज कळतात का. आता दोन भाग जुळले नाहीत की ते सांगतं, भांडण यामुळे आहे: याला ही आवृत्ती हवी, त्याला ती हवी. आणि खाली लिहितं, हे मिटवण्यासाठी तुम्ही असं करून बघू शकता.

म्हणजे इंजिनियरला इंजिनियरशी बोलताना इतकं नीट बोलता येतं. मग करडखेडच्या शेतकऱ्याशी बोलतानाच जीभ का अडखळते? कारण सरळ आहे. इंजिनियर चिडला तर दुसरं साधन वापरेल. शेतकरी कुठं जाईल? त्याला दुसरी वेबसाइट नाही, दुसरं सरकार नाही. ज्याला पर्याय नाही त्याच्याशी कसंही बोललं तरी चालतं, ही ती वृत्ती आहे.

आणि हे फक्त अंगठ्यापुरतं नाही. ग्रामपंचायतीचं पेमेंट असो, जीएसटीचं रिटर्न असो, डिजिटल सही लागते. ती सही एका पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते आणि तिच्यासाठीही सॉफ्टवेअर बसवावं लागतं. आधीच्या कंपनीचं टोकन संपलं, नव्या कंपनीचं आलं, दोन्हींचे ड्रायव्हर एकाच कॉम्प्युटरवर. पुन्हा तेच. जीएसटीच्या सहीसाठी एमसाइनर नावाचं सॉफ्टवेअर असतं. ते चाललं नाही की मेसेज येतो, 'सर्व्हरशी' जोडणी झाली नाही, एमसाइनर पुन्हा सुरू करा. वाचणारा इंटरनेटवाल्याला शिव्या घालतो. पण इथं सर्व्हर म्हणजे दिल्लीतली मशीन नव्हे. समोरच्याच कॉम्प्युटरवर १५८५ क्रमांकाच्या पोर्टवर बसलेलं ते छोटं सॉफ्टवेअर! एका शब्दानं माणूस घरातला चोर सोडून वेशीकडे पळत सुटतो.

आता कुणी म्हणेल, केंद्रचालकांना ट्रेनिंग द्या, प्रश्न मिटेल. ट्रेनिंग द्यावंच. पण एका अर्जामागे थोडीशी रक्कम मिळवणारा पोरगा, समोर चाळीस माणसं, वर लाइट जायची भीती. त्यानं २१ पोर्ट तपासत बसायचे? जे यंत्रणेला एका क्षणात कळतं, ते माणसाकडून अंदाजानं ओळखून का घ्यायचं? केंद्रवाल्या पोरांना मी दोष देत नाही. तेही त्याच लाल ओळीचे मारलेले आहेत. लोक शिव्या त्यांना देतात, मंत्रालयातल्या टेंडरला कुणी देत नाही.

कुणी म्हणेल, सगळं सांगितलं तर सुरक्षेला धोका. अहो, आधार क्रमांक सांगू नका, पासवर्ड सांगू नका. पण "जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर चालू आहे" हे सांगितल्यानं कुणाचं खातं रिकामं होणार आहे?

कुणी म्हणेल, मराठीत भाषांतर केलेलं आहेच की. 'अनपेक्षित त्रुटी उद्भवली.' झालं भाषांतर! लिपी बदलली, माहितीत एका कणाची भर नाही. हे इंग्रजीत वाचलं काय आणि मराठीत वाचलं काय. आपला तालुका तेलंगणा-कर्नाटकच्या सीमेवर आहे. आमची माणसं घरात तेलुगू, बाजारात मराठी, बिदरला गेलं की कन्नड आणि गरज पडली की दखनी बोलतात. चार भाषा सांभाळणाऱ्या माणसाला भाषेची भीती नाही. त्याला अडचण आहे ती अर्थ नसलेल्या वाक्याची.

मग मेसेज कसा असावा? मी इंजिनियर नाही, पण लिहिणं हा माझा धंदा आहे. हा घ्या:

"अंगठा अजून घेतलेला नाही. या कॉम्प्युटरवर अंगठ्याच्या मशीनची दोन सॉफ्टवेअर चालू आहेत. जुन्या सॉफ्टवेअरची मशीन जोडलेली नाही. नवी मशीन जोडलेली आहे आणि तयार आहे. नवी मशीन वापरण्यासाठी हे बटण दाबा. जुनी मशीन कुठल्याच कामाला लागत नसेल, तरच तिचं सॉफ्टवेअर काढून टाका. अर्जदाराच्या अंगठ्यात किंवा आधारमध्ये अडचण आढळलेली नाही. आजच्या प्रयत्नाची नोंद झाली आहे, नोंद क्रमांक हा."

आठ साधी वाक्यं. काय झालं, कुणामुळे झालं, आता काय करायचं, काय करताना जपायचं, आणि दोष कुणाचा नाही. शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची आहेत. "माझा पैसा गेला का?" ही धडधड घेऊन समोर बसलेल्या माणसाला ती दोन वाक्यं हवी असतात. आणि यंत्रणेला कारण खरंच कळलं नसेल, तर तसं सांगावं की कारण कळलं नाही. आम्ही समजून घेऊ. पण कारण माहीत नसताना अंगठ्यावर ढकलू नका.

ही मेहेरबानी मागत नाहीये. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४ सांगतं की सार्वजनिक प्राधिकरणानं आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणं बाधित माणसाला दिली पाहिजेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सांगतो की अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळायचा तर कारण लेखी नोंदवा, आणि त्यावर अपील करता येतं. साहेबानं नकार दिला तर कारण लेखी. मशीननं नकार दिला तर? अर्ज दाखलच होत नाही, म्हणून क्रमांक नाही. क्रमांक नाही म्हणून नकाराचा कागद नाही. कागद नाही म्हणून अपील नाही. आणि मुदत संपली की ठपका कुणावर? "लाभार्थ्यानं वेळेत केवायसी केली नाही." तीन वेळा जीपचं भाडं भरून आलेल्या माणसावर!

आधार प्राधिकरणानं २४ ऑक्टोबर २०१७ रोजी परिपत्रक काढून सांगितलं आहे की ओळख पटवण्यात तांत्रिक अडचण आली म्हणून खऱ्या लाभार्थ्याला लाभ नाकारू नका, पर्यायी व्यवस्था ठेवा आणि अशा प्रकरणांची नोंद ठेवा. परिपत्रक चांगलं आहे. पण अडचण तांत्रिक होती हे सिद्ध कशानं करायचं? त्या लाल ओळीनंच ना? आणि तीच ओळ मुकी आहे.

म्हणून आपल्या आमदार-खासदारांना, जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि माहिती तंत्रज्ञान विभागाला माझ्या चार मागण्या आहेत.

एक, सरकारी पोर्टल बनवण्याच्या प्रत्येक कंत्राटात अट घाला: प्रत्येक एररला मराठीत कारण, उपाय आणि चालू असलेला संपर्क क्रमांक. हे नसेल तर बिल अडवा. आमचं अनुदान अडतं ना, तसंच.

दोन, "अंगठा जुळला नाही" हे वाक्य अंगठा खरोखर तपासला गेला असेल तरच दाखवा. मशीनचा बिघाड माणसाच्या नावावर लिहू नका.

तीन, फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाची पावती द्या: तारीख, वेळ, एररचा आकडा. मुदत संपली तरी ही पावती असलेल्याचा हक्क शाबूत राहिला पाहिजे.

चार, पोर्टल सुरू करण्याआधी ते देगलूरसारख्या तालुक्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालवून बघा, ज्याच्यावर दोन मशिनींची सॉफ्टवेअर आणि तीन टोकनचे ड्रायव्हर आहेत. मंत्रालयातल्या नव्या लॅपटॉपवर सगळंच चालतं.

आणि तुम्हा वाचकांना एक काम सांगतो. पुढच्या वेळी कुणी "अंगठा येईना" म्हणालं, की शांतपणे म्हणा, "भाऊ, आकडा किती आला ते सांगा." आकडा आणि वेळ कागदावर लिहून घ्या. शक्य असेल तर लाल ओळीचा फोटो काढा, फक्त आधार क्रमांक आणि नाव त्यात येऊ देऊ नका. ३०० सोडून काहीही असेल तर आधार अपडेटच्या रांगेत लागण्याआधी दुसऱ्या केंद्रावर एकदा अंगठा लावून बघा. तिथं लागला, तर दोष अंगठ्याचा नव्हता हे तिथंच सिद्ध झालं. मग तो कागद अर्जाला जोडून तहसीलला द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

असे फोटो आणि पोच मला पाठवा. दहा जमले तर बातमी होईल, शंभर जमले तर निवेदन होईल. आणि पोस्ट पटली असेल तर गावच्या ग्रुपवर टाका. आपल्या आजूबाजूला कितीतरी म्हातारी माणसं आपल्याच अंगठ्याला दोष देत घरी बसली आहेत. त्यांच्यापर्यंत हे गेलं पाहिजे.